बंद पेटीतली चवळी

चवळी आपल्या घरात नवीन नाही. रात्री भिजत घातली, सकाळी फडक्यात बांधली की मोड येतात, उसळ होते. दारात वीतभर जागा असेल तर वेलही चढतो. या चवळीचे आठ दाणे ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून अग्निबाणाने अंतराळात गेले. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने बनविलेल्या एका बंद पेटीत ते ठेवले होते. पेटीतली हवा, ओलावा आणि उष्णता मोजली जात होती, आतला कॅमेरा फोटो काढीत होता. चार दिवसांत अंकुर फुटले, मागोमाग दोन पानेही आली.

त्याच अग्निबाणात आपल्या महाराष्ट्राचा पालकही होता. मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशींचा पुंजका बंद पेटीत घालून पाठविला. तसाच दुसरा पुंजका जमिनीवर ठेवून दोन्हींची वाढ ताडून पाहायची, असा तो प्रयोग. पुढे २०२५ साली शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा धारवाडच्या शास्त्रज्ञांनी दिलेल्या मेथी आणि मुगाच्या बियांना त्यांनी तेथे मोड आणले. चवळी, पालक, मेथी, मूग! आपल्या भाजीच्या टोपलीतलेच जिन्नस हे.

आता एखादी माय विचारील, "बाई, पावसावर येणारी भाजी पेटीत कोंडून काय मिळवायचे?" प्रश्न रास्त आहे. उत्तर स्वयंपाकघरातच सापडते. भाकरी तुटली तर दोष पिठाचा, पाण्याचा, तव्याचा की जाळाचा? चारही गोष्टी एकदम बदलल्या तर कधीच कळणार नाही. पीठ तेच, तवा तोच, जाळ तोच ठेवून फक्त पाणी बदलले तर कळेल. शेतात ऊन, वारा, पाऊस, कीड सारे एकाच वेळी बदलत असते. बंद खोलीत शास्त्रज्ञ एका वेळी एकच गोष्ट बदलतो, म्हणून त्याला खरे कारण हाती लागते.

टोमॅटोचेच पाहा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात झाड हिरवेगार दिसते, फुले येतात आणि गळून जातात. बाई म्हणते, खत कमी पडले. फ्रिट्स वेंट नावाच्या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात अमेरिकेत टोमॅटोची रोपे अशा बंद खोल्यांत वाढविली आणि दाखवून दिले की फळ धरण्यासाठी टोमॅटोला रात्रीचा गारवा लागतो. रात्री तापलेल्या असल्या तर फूल फळात उतरत नाही. म्हणजे मे महिन्यात खताचा खर्च वाढवून उपयोग नाही. लावणीची वेळ बदलावी किंवा उष्णता सोसणारे वाण घ्यावे. एवढे साधे उत्तर बंद खोलीतून निघाले. आज दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेत अशा खोल्यांचे मोठे केंद्र आहे. बारामतीजवळ माळेगावला २००९ साली केंद्र सरकारची एक संस्था सुरू झाली. दुष्काळ, उष्णता आणि क्षार यांचा ताण पिके कशी सोसतात, याचा अभ्यास तेथे चालतो. दुष्काळ आपल्याइतका कोणी भोगला आहे?

काचेच्या पेटीची ही युक्ती तशी जुनी आहे. लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरला सुमारे १८३० साली दिसले की बंद बरणीत ओल्या मातीवर रोप आपोआप जगते. पानांतून निघालेली वाफ काचेवर जमते आणि परत मातीत उतरते. पुढे १८५० च्या सुमारास अशाच पेट्यांतून चीनमधली चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आली.

अंटार्क्टिकाच्या बर्फावर जर्मनीच्या तळाजवळ शास्त्रज्ञांनी २०१८ साली एका बंद डब्यात, मातीशिवाय, दिव्यांच्या उजेडात भाजी घेतली. जेमतेम साडेबारा चौरस मीटर जागेत नऊ-साडेनऊ महिन्यांत सुमारे २६८ किलो भाजी निघाली.

हे वाचून कोणाच्याही मनात येईल की आता सातबारा नसला तरी चालेल, खोलीतच शेती करू. आपल्यातल्या अनेक घरांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या रानात भाजी खुडली आहे. म्हणून ही कल्पना मनाला भुरळ घालते. पण आधी हिशेब मांडा. शंभर वॅटचा दिवा रोज सोळा तास लावला तर दिवसाला १.६ युनिट आणि महिन्याला ४८ युनिट वीज जाते. त्यात लहानशा वाफ्यापुरताच उजेड मिळतो. खोली गार ठेवण्याचा खर्च वेगळाच. सूर्य हे काम फुकट करतो. अंटार्क्टिकात आणि अंतराळात दुसरा इलाजच नाही, म्हणून तो खर्च परवडतो. मेथीची जुडी त्या खर्चात बसत नाही. तेव्हा बचत गटाच्या बैठकीत कोणी "मातीविना शेती, महिन्याला अमुक हजार" असे सांगू लागला, तर कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्याच्याकडे मागच्या वर्षाचे विजेचे बिल आणि भाजी विकल्याच्या पावत्या मागा. त्या नसतील तर चहा पाजून निरोप द्या.

मग आपल्याला यातून घेण्यासारखे काय? पेटी विकत घेण्याची गरज नाही, तिच्यामागची रीत घ्यावी. सुटीत मुलांकडून हा प्रयोग करून घ्या. तीन पेल्यांत सारखी माती आणि प्रत्येकी चार चवळीचे दाणे घाला. पाणी चमच्याने मोजून सारखेच द्या. पहिला पेला खिडकीत ठेवा. दुसरा बंद खोक्यात. तिसऱ्यावर एका बाजूला भोक पाडलेले खोके पालथे घाला. आठ-दहा दिवस रोज उंची मोजून वहीत तारखेसह लिहायला लावा. अंधारातले रोप सर्वांत उंच पण पिवळे आणि लुळे होईल. भोकाकडे उजेड शोधत तिसरे वाकेल. "असे का?" हे मुलालाच विचारा. उत्तर लगेच सांगू नका.

या प्रयोगाला जात-पात, जमीन-जुमला लागत नाही. डोळे आणि वही लागते. मुलगी बारावीला विज्ञान घेऊन बसली असेल तर डॉक्टर-इंजिनियर यापलीकडेही वाटा आहेत, हे तिला सांगा. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि आपल्या शहरात विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे. भाजी खुडणाऱ्या हातांना रोप ओळखायला शिकवावे लागत नाही. त्या घरातल्या लेकीने उद्या अशा बंद खोलीत मराठवाड्याच्या उन्हात तगणारा टोमॅटो शोधावा, यासाठी आज तिच्या अभ्यासाची वेळ घरकामातून वाचवणे आपल्या हाती आहे.