झोळी न घेता



परदेशी सेवेला निघालेल्या माणसाची बॅग आपण सगळे मिळून भरतो. बायबल, गीतांचे पुस्तक, साक्ष कशी द्यायची याची टिपणे. माझे म्हणणे एवढेच की, तिथे पोहोचल्यावर ही बॅग उघडण्याआधी त्याने तिथल्या लोकांच्या प्रार्थनेत जाऊन बसावे. देणारा म्हणून नव्हे, मागणारा म्हणून.

मी हे कोरियात शिकलो. सोलजवळच्या अन्सान शहरात परदेशी कामगार मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्यातल्या नेपाळी बांधवांशी हिंदीत बोलता येईल, म्हणून आमच्या पॅरिशमधून आम्ही तिघे गेलो होतो. शेजारीच एक प्रेस्बिटेरियन चर्च होते. तिथे रोज पहाटे पाचला प्रार्थना असे.

पहिल्या दिवशी मी गेलो तो खरे तर बघायला. एक गीत झाले, छोटे प्रवचन झाले, मग दिवे मंद झाले. सगळ्यांनी एकदम ‘जुयो’, म्हणजे ‘हे प्रभू’, अशी तीनदा हाक मारली आणि प्रत्येक जण आपापली प्रार्थना मोठ्याने करू लागला. मला कम्युनियननंतरच्या शांततेची सवय. ‘हा कसला गलबला’ असे मनात म्हणत मी उठून आलो. दुसऱ्या दिवशी गेलोच नाही.

नंतर कळले की, सर्वांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करण्याची ही रीत तिथे 1907 च्या प्योंगयांगमधील संजीवनापासून रुजली. आणि मला आपले केडगाव आठवले. 1905 मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली अशाच एकत्र, मोठ्याने, रडत प्रार्थना करीत होत्या. घरचा इतिहास मी अभिमानाने सांगत आलो होतो. तोच समोर दिसला तर मला गलबला वाटला!

चौथ्या रात्री घरून फोन आला. आई पडली होती, खुब्याचे हाड मोडले होते. पहाटे मी त्याच चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. शब्द सुचत नव्हते. शेजारच्या आजींनी काही न विचारता माझ्या पाठीवर हात ठेवला आणि प्रार्थना केली. मला ‘जुयो’ एवढेच कळले. तेवढे पुरले.

काही जण म्हणतील, दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनेत कशाला जायचे? आपण तर सेवेला गेलो होतो. पण माझी मिस्सा काही सुटली नाही, श्रद्धाही ढळली नाही. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू आपल्या शिष्यांना पाठवतो तो थैली-झोळीशिवाय, आणि जे पुढे वाढले जाईल ते खा म्हणून सांगतो. मला वाटते, हे प्रार्थनेलाही लागू आहे. जो यजमानाच्या ताटातले घेत नाही, त्याच्या हातचे यजमानाने का घ्यावे?

आता आपल्याच चर्चमध्ये पाहू. मागच्या बाकावर झारखंड-ओडिशातून बांधकामावर आलेली मुले बसतात. त्यांना आपले मराठी नीट कळत नाही. मिस्सा संपताच ती निघून जातात, आणि त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नसतात. येत्या रविवारी त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्यांच्यासाठी प्रार्थना कराच, पण आधी त्यांना विनंती करा, ‘माझ्यासाठी प्रार्थना कराल का?’

प्रभू आपणा सर्वांना मागणारे हात देवो. आमेन.