डिझाईन म्हणजे नक्की काय, मामा?

परवा रविवारी भाची आमच्याकडे चऱ्होलीला आली होती. बारावी झाली, आता डिझाईनला जायचं म्हणते. दाजींनी फीचा आकडा ऐकला आणि मलाच धरलं. "तुम्ही भोसरीत वीस वर्षं डिझाईनच करताय ना? मग सांगा, हे नक्की असतं काय?"

आली का पंचाईत! मी फिक्स्चर डिझाईन करतो, म्हणजे मशीनवर जॉब पक्का धरून ठेवणारी जोडणी. भाचीला करायचंय कापडाचं. कोणी घराच्या नकाशाला डिझाईन म्हणतं, कोणी वेबसाईटच्या मांडणीला. मराठीत आराखडा म्हणावं तर नक्षी सुटते, आणि नक्षी म्हणावं तर माझी नोकरी सुटते :)

कायदा तर नक्षीच्याच बाजूचा. आपल्या 2000 सालच्या डिझाईन कायद्यात वस्तूचा आकार, नक्षी, रंगरेषांची रचना, जे नजरेनं पारखता येतं तेवढंच डिझाईन. निव्वळ यांत्रिक भाग वगळलेला. म्हणजे माझी वीस वर्षं गेली की पाण्यात!

मी म्हटलं, "दुसऱ्याची अडचण आधीच ओळखून केलेली सोय म्हणजे डिझाईन. जॉब उलटा बसूच नये म्हणून मी पिन देतो ना, तसं."

"मग पैठणीवरचा मोर कोणाची अडचण सोडवतो, मामा?"

निरुत्तर! पण मोरसुद्धा विणण्याआधीच ठरवावा लागतो. विणल्यावर उसवणं महाग. तेव्हा चूक स्वस्त असताना केलेला विचार म्हणजे डिझाईन, असं मी ठोकून दिलं. कागदावर खोडरबर पुरतो, लोखंडात पैसे जातात.

रात्री मात्र तेही पटेना. माझ्या एका फिक्स्चरच्या क्लॅम्पचं हँडल आखूड पडलं होतं. ऑपरेटरला दर जॉबला वाकावं लागायचं. शेवटी त्यानंच हँडलला पाईपचा तुकडा वेल्ड करून घेतला. पुढच्या ड्रॉईंगमध्ये मी तेच लांब हँडल घेतलं. 'डिझाईन' लिहिलेल्या चौकटीत नाव माझं एकट्याचं.

माझ्या मते डिझाईनची व्याख्या वस्तूवरून होणार नाही. वापरणाऱ्याचा विचार आधी करायचा, आणि त्यानं चूक दाखवली की बदलायचं, एवढं मात्र कापडाला आणि लोखंडाला सारखंच लागू आहे. भाचीला सांगितलंय, कॉलेज बघायला गेलीस की व्याख्या विचारू नकोस. मुलांनी केलेल्या वस्तू कोणी वापरून बघतं का, आणि मग त्या बदलतात का, ते विचार.

दाजी अजून फीवरच अडलेत. असो. मला मात्र त्या ड्रॉईंगच्या चौकटीत एक नाव वाढवायचंय.