पोटाची हाक अडवू नका

तिसरीतली एक मुलगी रोज साडेअकराच्या सुमारास पोट धरून बसायची. “बाई, दुखतंय.” मी ओवा चावायला द्यायचे. पुढे तिच्या आईकडून कळलं, की पोरगी सकाळी चहा-चपाती खाऊन धावतपळत निघते आणि शाळेत दुईला जात नाही. संडासाच्या दाराला आतून कडीच नव्हती.

कार्ल्याच्या आसपास मी तीस वर्षं शिकवलं. “मधल्या सुट्टीपर्यंत थांब,” असं मीही कित्येक लेकरांना सांगितलं. त्याची खंत आजही वाटते.

कारण पोट आपल्या सांगण्यावर थांबत नाही. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत मज्जापेशींची जाळी आहेत. स्नायूंच्या दोन थरांमधलं जाळं अन्न पुढे ढकलतं, अस्तराखालचं पाचकरस आणि रक्तपुरवठा सांभाळतं. या पेशी दहा कोटींहून जास्त. बाहेरच्या मज्जातंतूंशी नातं तोडलं तरी आतडं घासामागे आवळतं आणि घासापुढे सैल पडतं, हे बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी 1899 साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं. मेंदूच्या हुकमासाठी आतडं अडून राहत नाही. पोटात घास पडला, की मोठं आतडंही हलू लागतं. म्हणून न्याहारीनंतर कळ येते.

आपल्या ताब्यात असतं ते फक्त शेवटचं दार. ते पोरं दाबून धरतात. मग मळातलं पाणी शोषलं जातं, खडा होतो, दुखतं. दुखतं म्हणून पोर आणखी दाबतं. हळूहळू गुदाशय ताणतो आणि कळ जाणवेनाशी होते.

चरकसंहितेत वेग, म्हणजे शरीराच्या अशा हाका, न अडवण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. आमच्या शेजारी लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली. नौली ही पोट घुसळण्याची योगक्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून ‘योगमीमांसा’ या आपल्या नियतकालिकात मांडलं. शंभर वर्षांपूर्वी पोटाकडे इतक्या मोकळेपणानं बघणारा माणूस याच मावळात राहिला, आणि आमच्या वर्गात दोन बोटं वर करायला पोरगी लाजते!

शेवटी एका पालकानं कडी बसवून दिली. दुखणं एका दिवसात गेलं नाही. महिना-दीड महिना लागला. पण ओव्याची डबी बंद झाली.

म्हणून मागणं साधं आहे. घरी न्याहारीनंतर लेकराला दहा मिनिटं निवांत बसू द्या. शाळेत कडी, पाणी, बादली रोज तपासा. आणि शिक्षकांनो, दोन बोटं वर झाली की धडा तिथंच थांबवा, लेकराला जाऊ द्या.