ओटा बदलण्याआधी पावसाला विचारा

घरचं काम : साप्ताहिक सदर
सुतारपक्षी

दिवाळी जवळ आली की मावळातल्या बऱ्याच घरांत स्वयंपाकघराचा विषय निघतो. कडप्प्याच्या काळ्या ओट्यावर लिंबाचे, कोकमाचे पांढुरके डाग पडलेले असतात, सिंकजवळच्या सांध्यातलं सिमेंट झडलेलं असतं. मग कुणीतरी म्हणतं, हा काढून सनमायकाचा ओटा करूया, सुट्टीत घरच्या घरी होईल. माझं मत आधीच सांगतो : जरूर करा, पण अख्खा ओटा लॅमिनेटचा करू नका. ओट्याचे तीन भाग असतात. एक पाण्याचा, एक आगीचा आणि एक हातकामाचा. पहिले दोन दगडाचेच राहू द्यावेत. तिसरा लॅमिनेटचा करावा, आणि तो तिथे उभं राहणाऱ्या माणसाच्या मापाने करावा.

लॅमिनेट म्हणजे मुळात कागद. तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर फिनॉलिक राळेत भिजवतात, त्यावर मेलामाइन राळेत भिजवलेला नक्षीचा कागद ठेवतात आणि भरपूर उष्णता व दाब देऊन त्यांचा एकजीव पत्रा करतात. असा पत्रा बनवणारी फॉर्मायका कंपनी 1913 मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला सुरू झाली ती विजेच्या उपकरणांसाठी निरोधक साहित्य बनवायला. हा पत्रा घरोघरच्या स्वयंपाकघरात पोचला तो मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तोही ओव्हनमध्ये भाजणाऱ्या, फळीवर चिरणाऱ्या, ओटा कोरड्या फडक्याने पुसणाऱ्या स्वयंपाकघरांत. आपला ओटा दिवसातून दोनदा पाणी ओतून धुतला जातो. त्यावर गॅसची शेगडी ठेवलेली असते, भाताची पेज उतू जाते, फोडणीचं तेल उडतं. त्यामुळे चित्रातला ओटा पाहून तो जसाच्या तसा आपल्या घरात आणता येत नाही.

त्यातून आपण राहतो घाटमाथ्यावर. पुणे शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तर लोणावळ्यात 4000 मिलिमीटरहून अधिक, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तुंगार्लीत किंवा खंडाळ्यात श्रावणात खिडकी उघडली की ढग घरात येतो. कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते. अशा हवेत पत्र्याच्या वरच्या पृष्ठभागाला काही होत नाही. धोका असतो तो कापलेल्या कडेला. सिंकसाठी पाडलेलं भोक, नळाचं छिद्र, भिंतीलगतचा सांधा, पुढची कड, इथून पाणी आत शिरतं आणि खालचं लाकूड फुगतं. एकदा फुगलेलं पार्टिकल बोर्ड पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. वरचा पत्रा उचलला जातो आणि त्या फटीत खरकटं साचून झुरळांची सोय होते. शनिवार-रविवारपुरत्या उघडणाऱ्या बंगल्यांत तर नळ ठिबकतोय हे कळायलाच आठवडे जातात. म्हणून या पट्ट्यात सिंकभोवती लॅमिनेट लावू नये, असं मी ठामपणे म्हणतो.

आगीच्या भागाचंही तसंच. कुकरच्या आत वाफ 120 अंशांच्या आसपास असते, पण भाकरीचा लोखंडी तवा 200 अंशांच्या पुढे जातो. तो घाईत शेगडीवरून उतरवून थेट लॅमिनेटवर टेकवला तर राळ करपते आणि तो डाग कशानेही जात नाही. पाहुण्यांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरात तर ही काळजी कुणी घेईल अशी अपेक्षाच करू नये. शेगडीखाली आणि तिच्या दोन्ही बाजूंना हातभर दगड हवाच.

मग लॅमिनेट कशासाठी? याचं उत्तर मला उंचीत दिसतं, आणि हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे. आपल्याकडे गवंडी ओटा बांधतो तो 32 ते 34 इंचांचा. घरात रांधणारी बाई पाच फुटांची की साडेपाच फुटांची, हे सहसा कुणी विचारत नाही. उभं राहून चिरायचं-निवडायचं काम कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावं, हा साधा हिशोब आहे. पाच फुटांच्या व्यक्तीला त्यामुळे 33 इंच बरे पडतात, तर पाच फूट सात इंचांच्या व्यक्तीला 37 च्या आसपास लागतात. कणीक मळताना वरून जोर द्यावा लागतो, म्हणून ती जागा आणखी थोडी खाली हवी. कितीतरी बायकांची कंबर आयुष्यभर या तीन-चार इंचांची किंमत मोजत असते आणि घरातले लोक त्याला वयाचं दुखणं म्हणतात.

दगडाचा ओटा वर-खाली करणं म्हणजे फोडणं. आठ फूट लांब, दोन फूट रुंद आणि 18 मिलिमीटर जाडीची ग्रॅनाइटची लादी 70 किलोच्या आसपास भरते. त्याच मापाचा प्लायवूडचा तक्ता लॅमिनेटसह 20 किलोच्या आसपास असतो. तो लाकडी चौकटीवर बसवता येतो, पायांखाली ठोकळे देऊन उचलता येतो, भाड्याचं घर सोडताना सोबत नेता येतो. सिंक आणि शेगडीचा दगड जागच्या जागी ठेवून बाजूला किंवा समोरच्या भिंतीला असा चार-पाच फुटांचा कामाचा ओटा केला, तर फोडाफोडीशिवाय घरातल्या माणसाला त्याच्या मापाची जागा मिळते.

हे काम घरच्यांनी मिळून करण्याजोगं आहे. पत्रा आठ बाय चार फुटांचा येतो, वरच्या बाजूला 1 मिलिमीटर जाडीचा घ्यावा. प्लायवूड 19 मिलिमीटरचं, आणि ते घेताना शिक्का वाचावा. आयएस 303 या भारतीय मानकात दोन प्रती आहेत. त्यातली एमआर कोरड्या खोलीतल्या कपाटासाठी ठीक, ओट्याला किमान बीडब्ल्यूआर हवी. लोणावळा-खंडाळ्यात मी आयएस 710 चं मरीन प्लायच सुचवेन, कारण त्याचा चिकटा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासलेला असतो. दुकानदार एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड स्वस्तात देऊ लागला तर नको म्हणावं.

पत्रा तक्त्याच्या दोन्ही बाजूंना लावावा. खालची बाजू उघडी ठेवली तर दोन्हीकडून सारखी ओल शोषली जात नाही आणि तक्ता वाकतो. ओट्याची रुंदी दोन फुटांहून बोटभर कमी धरली तर एकाच पत्र्यातून वरची आणि खालची अशा दोन्ही पट्ट्या निघतात. पुढच्या कडेला सागवानी पट्टी ठोकावी आणि तिच्या खालच्या अंगाला बारीक खाच पाडावी, म्हणजे ओघळ तिथेच तुटतो. कापलेल्या प्रत्येक कडेला पॉलियुरेथेनचे दोन हात द्यावेत, भिंतीलगतच्या आणि दगडालगतच्या सांध्यात बुरशीरोधक सिलिकॉन भरावं. पत्रा कापायला आणि कड घासायला सवयीचा हात लागतो. तेवढ्यापुरता सुतार बोलवावा, त्याची मजुरी न घासता द्यावी आणि मुलांना शेजारी बसवून काम बघू द्यावं.

मुहूर्त मात्र पाळायचा. रबराचं सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासं झालं की मगच पत्रा टेकवतात. त्यातला द्रव उडताना पृष्ठभाग गार होतो. हवा दमट असेल तर त्यावर दव धरतं आणि पकड कच्ची राहते. पावसात ओल शोषलेलं प्लाय पुढे उन्हाळ्यात आकसतं आणि सांधे उघडतात. तेव्हा हे काम दिवाळीनंतर सुरू करावं आणि मृग लागण्याच्या बरंच आधी संपवावं. सोल्यूशनचा वास डोक्यात जातो आणि ते लगेच पेट घेतं, म्हणून काम होईतो खिडक्या उघड्या आणि गॅस बंद ठेवावा.

अर्धा दगड, अर्धं लॅमिनेट एकसारखं दिसत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण एकसारखं दिसावं म्हणून चांगला कडप्पा फोडून त्याचा राडारोडा ओढ्याकाठी टाकायचा, हे मला पटत नाही. आंध्रातल्या खाणीतून आलेला तो दगड घासून, तेलाचा हात देऊन अजून कितीतरी वर्षं चालतो. तुकडा काढावाच लागला तर त्याची मांडणी होते, मोरीपाशी धुण्याचा दगड होतो.

दुकानात नक्षी निवडायला जाण्याआधी घरात रांधणाऱ्या प्रत्येकाला भिंतीशी उभं करा, कोपर काटकोनात धरायला सांगा आणि जमिनीपासून तिथपर्यंत माप घ्या. त्यात पुरुषांनाही धरा, कारण ओटा त्यांच्याही मापाचा झाला तर तिथे उभं न राहण्याचं एक कारण कमी होईल. तो आकडा कागदावर लिहा. नव्या ओट्याचा पहिला खर्च त्या आकड्यावर व्हावा, नक्षीवर नंतर.