परक्याची प्रशस्ती आणि आपली पारख

ईद-ए-मिलादच्या सुमारास निघणारी पत्रके आणि पुस्तिका, सर्वधर्मसभांतील प्रास्ताविके आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरून हातोहात फिरणारे संदेश यांत कार्लाइल, गटे, लामार्तीन, गिबन, टॉयन्बी अशा पाश्चात्त्य पंडितांच्या गौरवोद्गारांची एक माळ हटकून गुंफलेली आढळते. आणि ज्याची महती युरोपातल्या एवढ्या विद्वानांनी निःसंकोच मान्य केली, त्या धर्माच्या व त्या संस्कृतीच्या थोरवीविषयी आता निराळा पुरावा हजर करण्याचे प्रयोजन उरले नाही, असा ठसा वाचणाऱ्याच्या मनावर उमटावा, हा तिच्यामागचा हेतू असतो. या प्रथेला हसण्याचा अधिकार आपल्यापैकी फारच थोड्यांस आहे. कारण उपनिषदांची थोरवी सांगताना शोपेनहौएरला आणि वेदांची सांगताना माक्स म्यूलरला पाचारण केल्यावाचून आपल्या व्याख्यात्यांचेही समाधान होत नाही. ज्या समाजांनी दीड-दोन शतके परक्या राज्यकर्त्यांच्या तोंडून स्वतःची निंदा ऐकली, त्यांना त्याच राज्यकर्त्यांच्या ज्ञातिबांधवांनी केलेली स्तुती गोड वाटावी, हे स्वाभाविक आहे. परंतु साक्षीदार कितीही मोठा असला, तरी तो कोणत्या खटल्यात, कोणाच्या वतीने आणि कोणाविरुद्ध बोलत होता, हे पाहिल्याशिवाय त्याची जबानी दप्तरी दाखल करून घेणे शहाणपणाचे नव्हे; आणि इस्लामच्या पाश्चात्त्य प्रशंसकांपैकी बहुतेकांचा खटला, बारकाईने पाहू जाता, त्यांच्या स्वतःच्याच समाजाशी चाललेला होता, असे आढळून येते.

या माळेतील मेरुमणी म्हणजे टॉमस कार्लाइल. लंडन येथे ८ मे १८४० रोजी विभूतिपूजेवरील आपल्या व्याख्यानमालेतील दुसरे व्याख्यान त्याने महंमद पैगंबरांवर दिले, आणि ख्रिस्ती जगात शतकानुशतके रूढ असलेला कपटाचा आरोप मोठ्या आवेशाने खोडून काढला. कोट्यवधी माणसे ज्या शब्दाच्या आधाराने बारा शतके जगली आणि मेली, तो शब्द लबाडीतून निपजलेला असूच शकत नाही, असा त्याचा एकंदर युक्तिवाद होता. आणि त्या काळच्या इंग्लंडात तो उघड सभेत मांडणे हे धाडसाचे काम होते, यात शंका नाही. परंतु जॉर्ज सेलने १७३४ साली केलेल्या इंग्रजी भाषांतरातून वाचलेले कुराण आपणास अतिशय कंटाळवाणे व विस्कळित वाटले, असेही त्याने त्याच व्याख्यानात बजावले होते, आणि हा भाग मात्र पुस्तिकांत कधी उतरत नाही. कार्लाइलचे लक्ष्य अरबस्तानात नव्हतेच. सुखदुःखाची बेरीज-वजाबाकी करून नीती ठरवू पाहणारे बेंथॅमचे अनुयायी आणि श्रद्धेचे तेज हरवून बसलेले यंत्रयुगातले इंग्लंड, या दोहोंना लाजवण्यासाठी त्याला एक निष्ठावान पुरुष हवा होता, आणि तो त्याला मक्केत सापडला. शिवाय याच कार्लाइलने नऊ वर्षांनी, १८४९ मध्ये, वेस्ट इंडीजमधील दास्यमुक्त काळ्या लोकांना सक्तीने कामास जुंपावे, अशा मताचा एक निबंध लिहिला, ज्याचा निषेध त्याचा जुना स्नेही जॉन स्टुअर्ट मिल यास जाहीरपणे करावा लागला. एका प्रकरणी ज्याला द्रष्टा म्हणून डोक्यावर घ्यायचे, त्याच्या दुसऱ्या प्रकरणाकडे कानाडोळा करायचा, हा न्याय कोणत्याही कचेरीत टिकणारा नाही.

व्हॉल्तेअरची गोष्ट तर याहून बोलकी आहे. पैगंबरांवर धर्मांधतेचा आरोप करणारे त्याचे नाटक १७४१ मध्ये लील येथे आणि पुढच्या वर्षी पॅरिस येथे रंगभूमीवर आले. परंतु यातला बाण आपल्याच धर्मपीठाच्या रोखाने सुटला आहे, हे पॅरिसमधील धर्मनिष्ठांनी अचूक ओळखले, आणि थोड्याच प्रयोगांनंतर ते त्याला मागे घ्यावे लागले. तेव्हा या चतुर गृहस्थाने ते नाटक खुद्द पोप चौदावे बेनेडिक्ट यांनाच अर्पण करून विरोधकांची तोंडे बंद केली! पुढे १७५६ मध्ये जगाच्या इतिहासावरील आपल्या बृहद्ग्रंथात त्याच लेखकाने तुर्कांच्या धार्मिक सहिष्णुतेचे गुणगान केले, तेही ख्रिस्ती राजांच्या असहिष्णुतेला चपराक बसावी म्हणून. धर्म तोच, लेखक तोच, आणि शत्रूही तोच. बदलले होते ते केवळ हत्यार. जर्मनीत लेसिंगने १७७९ मध्ये ‘नाथान’ हे नाटक लिहून सुलतान सलाहुद्दीनाला औदार्याचा पुतळा म्हणून उभे केले, त्यामागे हँबर्गच्या ग्योत्से नावाच्या पाद्र्याशी जुंपलेला वाद होता. ब्रन्सविकच्या ड्यूकने त्या वादातील लिखाणावर निर्बंध घातला, म्हणून लेसिंगने व्यासपीठ बदलले आणि आपले म्हणणे रंगभूमीवरून मांडले. या थोर लेखकांची कृती म्हणून हलकी ठरत नाही. उलट स्वसमाजाला आरसा दाखवण्यासाठी परक्या समाजातील सद्गुण उचलण्याइतके मोठे मन त्यांच्यापाशी होते, हे भूषणावहच आहे. परंतु आरसा दाखवणाऱ्याचे ध्यान आरशाकडे नसून समोरच्या चेहऱ्याकडे असते, हे विसरून चालत नाही.

आणि स्तुतीमागे जेव्हा तोफा उभ्या असतात, तेव्हा ती पारखून घेण्याची गरज कितीतरी अधिक. जुलै १७९८ मध्ये इजिप्तच्या किनाऱ्यावर उतरताच नेपोलियनने अरबी भाषेत एक जाहीरनामा काढला, ज्यात आपण तेथील सत्ताधारी ममलुकांपेक्षा ईश्वराची अधिक भक्ती करतो, पैगंबर व कुराण यांविषयी आदर बाळगतो आणि फ्रेंच हे मुसलमानांचे सच्चे मित्र आहेत, अशी ग्वाही दिलेली होती. कैरोच्या अब्दुर्रहमान अल-जबर्ती या इतिहासकाराने हा जाहीरनामा कृतज्ञतेने शिरोधार्य मानला नाही. त्याने तो वाक्यावाक्याने तपासला, त्यातील व्याकरणाच्या चुका दाखवल्या, आणि जे पोपला उखडून टाकल्याची फुशारकी मारतात पण मुसलमानही होत नाहीत, ते वस्तुतः कोणत्याच धर्माचे नव्हेत, असा रोखठोक निवाडा दिला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कैरोमध्ये उठाव झाला, आणि पैगंबरांविषयी आदराची ग्वाही देणाऱ्याच्या सैन्याने घोड्यांसह अल-अझहरच्या मशिदीत प्रवेश केला! परंतु फ्रेंचांनी कैरोत थाटलेल्या ग्रंथालयाचे आणि तेथील शास्त्रज्ञांच्या प्रयोगांचे कौतुक याच जबर्तीने मोकळ्या मनाने केलेले आहे. शत्रूच्या स्तुतीला न भुलणारा आणि शत्रूच्या विद्येला न नाकारणारा हा पुरुष, पुस्तिकांच्या संपादकांनी कार्लाइलच्या अगोदर वाचावा, अशा योग्यतेचा आहे.

मग पाश्चात्त्यांची सगळीच प्रशंसा हेतुपुरस्सर होती, असे का म्हणायचे? तसे मुळीच नाही. परंतु जी खरीखुरी प्रशंसा होती, ती उद्गारांच्या रूपाने क्वचितच प्रकट झाली. ती कष्टांच्या रूपाने प्रकट झाली. कॅस्टीलच्या सहाव्या अल्फोन्सोने १०८५ मध्ये तोलेदो शहर जिंकले, आणि पुढच्या शतकात तेथील अरबी ग्रंथभांडारांच्या ओढीने युरोपभरचे विद्यार्थी त्या शहरी गोळा झाले. त्यांतला क्रेमोनाचा जेरार्ड हा टॉलेमीच्या खगोलग्रंथाच्या शोधात इटलीहून आला, त्यासाठी अरबी शिकला, आणि ११८७ मध्ये देह ठेवण्यापूर्वी त्याने सत्तराहून अधिक ग्रंथ लॅटिनमध्ये उतरवले. त्यांत इब्न सीनाचा वैद्यकावरील जो महाग्रंथ होता, तो युरोपच्या विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत शिकवला जात होता. जेरार्डच्याच बाराव्या शतकात अल-ख्वारिझ्मीच्या अंकगणिताच्या द्वारे भारतीय अंकपद्धतीही लॅटिन पंडितांच्या हाती पडली, ही गोष्ट आपणही लक्षात ठेवण्यासारखी आहे. याउलट, क्लूनीच्या मठाचा अधिपती पीटर याने ११४३ मध्ये कुराणाचे पहिले लॅटिन भाषांतर करवून घेतले, ते खंडनासाठी. आणि दान्तेने आपल्या महाकाव्यात इब्न सीना, इब्न रुश्द आणि सलाहुद्दीन यांना नरकाच्या उंबरठ्यावर सज्जनांच्या पंक्तीत मानाचे स्थान दिले, परंतु त्यांच्या धर्माच्या संस्थापकांस मात्र घोर दंडाचे. संस्कृतीचे ऋण मान्य करावयाचे आणि धर्म अमान्य करावयाचा, ही युरोपची जुनी तडजोड होती. दोहोंची सरमिसळ करून एका मापाने मोजणाऱ्या आजच्या पुस्तिकांना या तडजोडीचा पत्ता नसतो.

अभ्यासातून उपजलेल्या आदराचे आणखी एक उदाहरण गटेचे. तरुणपणी त्याने पैगंबरांवर एक नाटक योजले होते, जे पुरे झाले नाही. आणि १८०० मध्ये आपल्या ड्यूकच्या इच्छेखातर व्हॉल्तेअरचे तेच कुप्रसिद्ध नाटक भाषांतरून वायमारच्या रंगभूमीवर आणण्याची पाळी त्याच्यावर आली. पासष्टीच्या घरात असताना, १८१४ मध्ये, हामर-पुर्गश्टालने केलेला हाफिजच्या दिवाणाचा जर्मन अनुवाद त्याच्या वाचनात आला. ज्या हाफिजला आपल्या दख्खनच्या बहमनी दरबाराने आमंत्रण धाडल्याची आणि समुद्रावरील वादळामुळे तो होर्मुझहूनच माघारी वळल्याची हकीकत फिरिश्ता या इतिहासकाराने नमूद करून ठेवली आहे, तोच हा कवी. त्याच्या नादाने गटेने उतारवयात अरबी अक्षरे गिरवली, प्रवासवर्णने व इतिहास धुंडाळले, आणि १८१९ मध्ये जो काव्यसंग्रह प्रसिद्ध केला, त्यास गद्य टिपणांचा एक विस्तृत भाग जोडला. त्यात पौर्वात्य राजसत्तेच्या अनियंत्रितपणाची चिकित्सा जशी आहे, तशीच पैगंबर आणि कवी यांच्या कार्यातील भेदाची मीमांसाही आहे. विसाव्या शतकात जॉर्ज सार्टनने विज्ञानाचा इतिहास लिहिताना अरबी शिकण्याचे कष्ट घेतले, आणि १९२७ मध्ये निघालेल्या पहिल्या खंडात आठव्या शतकाच्या मध्यापासून अकराव्याच्या अखेरपर्यंतच्या अर्धशतकांना जाबिर, ख्वारिझ्मी, राझी, बिरूनी, खय्याम अशी नावे दिली. एका प्रकरणाचे शीर्षक केवढी मोठी पावती होऊ शकते, ते येथे दिसते.

परंतु परक्याच्या प्रशस्तीपेक्षा परक्याच्या टीकेला दिलेले उत्तर अधिक मोलाचे ठरते. एर्नेस्त रेनाँ या फ्रेंच पंडिताने २९ मार्च १८८३ रोजी सॉरबॉन येथे व्याख्यान देऊन, अरबांच्या नावे चालणारे विज्ञान मुळात अरबांचे नव्हतेच आणि ते इस्लाममुळे नव्हे तर इस्लाम असूनही वाढले, असा सिद्धान्त मांडला. तेव्हा पॅरिसमध्ये असलेल्या जमालुद्दीन अफगाणी या मुसलमान विचारवंतांनी दोन महिन्यांच्या आत तेथल्याच एका वृत्तपत्रात उत्तर छापले. त्यात त्यांनी कार्लाइलची साक्ष काढली नाही. धर्मसंस्थेने विज्ञानाची गळचेपी केली, हे त्यांनी मान्य केले. परंतु तसे ख्रिस्ती धर्मसंस्थेनेही केले, हे त्याच दमात सांगितले, आणि ॲरिस्टॉटल जर युरोपचाच होता, तर तो अरबांच्या दाराने येईपर्यंत युरोपने त्याची वास्तपुस्त का केली नाही, असा बिनतोड सवाल टाकला. रेनाँने दुसऱ्याच दिवशी या प्रतिपक्षाचा सन्मानपूर्वक उल्लेख केला. शंभर प्रशस्तिपत्रांनी जो मान मिळाला नसता, तो एका प्रामाणिक युक्तिवादाने मिळवला.

आता हेच माप स्वतःस लावू. उपनिषदांच्या स्तुतीसाठी ज्या शोपेनहौएरचे नाव आपण घेतो, त्याने वाचलेली उपनिषदे ही आँकतील-द्युपेराँ या फ्रेंच पंडिताने १८०१-०२ मध्ये प्रसिद्ध केलेली लॅटिन उपनिषदे होत. आणि तीही संस्कृतावरून केलेली नव्हती, तर दारा शुकोह या मोगल शाहजाद्याने १६५७ मध्ये काशीच्या पंडितांच्या साह्याने सिद्ध केलेल्या फार्सी अनुवादावरून केलेली होती. म्हणजे हिंदू वक्ता जी सनद अभिमानाने मिरवतो, तिच्यावर एका मुसलमान राजपुत्राची मोहर आहे! महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर जोतीराव फुले यांनी ‘मानव महंमद’ हे काव्य रचून पैगंबरांच्या समतेची थोरवी गायली, तीही चातुर्वर्ण्याच्या विरुद्ध फिर्याद म्हणूनच. मात्र आपली फिर्याद कोणावर आहे, हे त्यांनी कोणापासून लपवले नाही, आणि म्हणून त्यांची साक्ष स्वच्छ राहिली.

एका संस्कृतीने दुसरीचा आदर कसा करावा, याचा धडा या देशाला अल-बिरूनी देऊन गेलेला आहे. महमूद गझनवीच्या पदरी असताना तो संस्कृत शिकला, आणि सन १०३० च्या सुमारास हिंदुस्थानविषयी जो ग्रंथ त्याने पुरा केला, त्यात येथील गणित-ज्योतिषाचा गौरव आहे, हिंदूंच्या अहंमन्यतेविषयी तक्रार आहे, आणि महमुदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची समृद्धी धुळीस मिळाली, ही कबुलीही आहे. आपल्या बाजूने असा हिशेब फार थोड्यांनी फेडला. मराठ्यांच्या इतिहासाची साधने मोठ्या प्रमाणावर फार्सीत पडून आहेत, हे ठाऊक असूनही, ती मराठीत आणण्यासाठी आयुष्य वेचणारे सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखे पुरुष विरळाच निपजले. तेव्हा गौरवोद्गारांची नवी पुस्तिका छापण्यास निघालेल्या मंडळींना आणि ती खोडून काढण्यास सरसावलेल्या मंडळींना, दोघांनाही एकच विनंती करावीशी वाटते. कार्लाइल छापायचा तर त्याचे ते अवघे व्याख्यान मराठीत छापा, कंटाळ्याच्या कबुलीसकट. रेनाँ छापायचा तर त्याच्या पाठोपाठ अफगाणींचे उत्तरही छापा. आणि उरलेल्या पैशातून महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठात अरबी अथवा फार्सी शिकू इच्छिणाऱ्या, कोणत्याही धर्माच्या, एका विद्यार्थ्याला वेतन द्या. असा एक विद्यार्थी मूळ ग्रंथ वाचू लागला, म्हणजे स्तुती आणि निंदा या दोहोंची उसनवारी आपोआप संपेल, आणि इस्लामी संस्कृतीविषयी आपण जे काही म्हणू, ते, चांगले असो वा वाईट, निदान आपले स्वतःचे असेल.