गटारातले मित्र

‘अँटिबायोटिकच्या दोनच गोळ्या द्या,’ असं म्हणणारं गिऱ्हाईक या आठवड्यात वर्ध्याच्या एका मेडिकलवर पुन्हा दिसलं, आणि दुकानदारानं कात्रीनं पट्टी कापून दिलीसुद्धा. अशा वापरातूनही औषधाला न जुमानणारे जिवाणू मागे उरतात नि फोफावतात. म्हणूनच मला जिवाणू फोडणाऱ्या विषाणूंचं, म्हणजे फाजांचं, भारी अप्रूप आहे. गंगा-यमुनेचं पाणी कॉलऱ्याचे जंतू मारतं, हे शास्त्रज्ञ हॅन्किननं 1896 मध्येच नोंदवलं होतं. 1917 मध्ये पॅरिसात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ द’हेरेलनं या शिकारी विषाणूचं बारसं केलं. जॉर्जियातल्या तिबिलिसीची संस्था तर 1923 पासून फाजांवरच काम करतेय. फाज जिवाणूला चिकटतो, आपली जनुकं आत सोडतो, आतच पिलावळ वाढवतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. माणसाच्या पेशींकडे तो ढुंकूनही बघत नाही. मात्र स्वारी भलतीच चोखंदळ: एका रोग्याच्या जखमेवर चाललेला फाज शेजारच्या खाटेवर चालेलच असं नाही. त्यामुळे साठा हवा, शेकडो प्रकारांचा. तो सापडतो कुठे? जिथे जिवाणू, तिथे: सांडपाण्यात, नदीत. सेवाग्राम आणि सावंगी, दोन वैद्यकीय महाविद्यालयं आपल्या जिल्ह्यात आहेत. गंगेतल्या फाजांवर काम केलेली ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था नागपुरात, हाकेच्या अंतरावर. वर्ध्यात फाजांची पेढी व्हायलाच हवी, आणि पहिले नमुने गावच्या नाल्यांतून, धाम नदीतून यंदाच्या पावसाळ्याआधी घ्यावेत.