रक्ताच्या कर्करोगात सहव्याधितांचा आधार

रक्ताच्या कर्करोगाचे निदान झालेल्या माणसाने, किंवा त्याच्या घरच्यांनी, आपल्याच शहरात त्या व्याधीतून गेलेल्या इतरांचा शोध घ्यावा, त्यांच्या मंडळात जाऊन बसावे आणि आपल्या दुखण्याविषयी मोकळेपणाने बोलावे, असे कोणी सुचवले की आपल्या सुशिक्षित समाजातून त्यावर बहुधा चार आक्षेप येतात. दुखणे ही घरातली खासगी बाब, तिचा बोभाटा कशाला, हा पहिला. रोग बरा करणे हे डॉक्टरांचे काम, चार रोग्यांनी एकत्र बसून काय साधणार, हा दुसरा. अशा बैठकींतून भय आणि अर्धवट सल्लेच पसरतात, हा तिसरा. आणि लखनौसारख्या ठिकाणी असे काही नसतेच, त्यासाठी मुंबईच गाठली पाहिजे, हा चौथा. हे आक्षेप सद्भावनेने घेतले जातात, म्हणून त्यांचा विचार आदरपूर्वकच केला पाहिजे; पण ते मान्य केल्याने रोग्याचे जे नुकसान होते ते पाहता त्यांचे खंडन करणे मला कर्तव्य वाटते.

लखनौचेच उदाहरण घेण्याचे कारण आहे. चौकालगतचे किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ, ज्याचे मूळ महाविद्यालय १९११ साली सुरू झाले; रायबरेली रस्त्यावरील संजय गांधी संस्था; गोमतीनगरातील राममनोहर लोहिया संस्था; आणि सुलतानपूर रस्त्यावरील कल्याणसिंह कर्करोग संस्था, अशा सरकारी संस्थांच्या आश्रयाने गोंडा, बहराइच, बस्ती, आझमगड अशा दूरदूरच्या जिल्ह्यांतले रोगी या शहरात येतात आणि त्यांच्याबरोबर आलेले तीमारदार, म्हणजे शुश्रूषेला राहिलेले नातलग, रैनबसेऱ्यात नाहीतर आवारातल्या झाडाखाली मुक्काम करतात. नोकरीव्यवसायाच्या निमित्ताने तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही हे दुखणे येते, आणि त्यांच्याजवळ घर असले तरी भाऊबंद, मावश्या, आत्या हजार मैलांवर असतात. म्हणजे जेथे उपचार आहे तेथे रोगी परका आहे, ही या प्रश्नाची मूळ स्थिती आहे.

आता पहिला आक्षेप. आपले दुखणे कोणास सांगावे आणि कोणास सांगू नये, हा रोग्याचा अबाधित अधिकार आहे. परंतु मौनाची किंमत कोण भरतो, हेही पाहिले पाहिजे. ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात पुष्कळदा बाहेरून दिसणारी गाठ नसते, शस्त्रक्रियेची खूण नसते. थकवा, वारंवार येणारा ताप, अंगावरचे काळेनिळे डाग एवढेच पुढे येते, आणि दोन केमोंच्या मधल्या दिवसांत रोगी जर हिंडूफिरू लागला तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना तो धडधाकटच वाटतो. अशा दुखण्यावरचा उपचार मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात दोनतीन वर्षे चालतो, आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात रोजची गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागते. इतका दीर्घ काळ घरातल्या दोघातिघांनी गुपित सांभाळायचे, शाळेला खोटे कारण कळवायचे, लग्नाच्या मुलीच्या स्थळाची धास्ती बाळगायची, आणि त्याच वेळी रोग्यासमोर हसतमुख राहायचे, हे ओझे माणसाला आतून पोखरते. सहव्याधितांच्या मंडळात ते उतरवता येते, आणि मोहल्ल्यात कोणास कळवल्याशिवाय उतरवता येते; कारण येथे बोललेले येथेच राहील, हा अशा मंडळाचा पहिला दंडक असतो. तेव्हा खासगीपणाचे रक्षण ज्यांना प्रिय आहे त्यांनी तर मंडळाचे स्वागतच केले पाहिजे.

दुसऱ्या आक्षेपात सत्याचा अंश मोठा आहे आणि तो मान्य केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगेल यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले की स्तनाचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी ज्यांना नियमित समूहचर्चेत सहभागी करून घेतले त्या इतरांपेक्षा सुमारे दुप्पट काळ जगल्या; तेव्हा जगभर मोठी आशा उत्पन्न झाली. पुढे २००१ साली कॅनडातील पामेला गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला, आणि आयुष्य लांबल्याचे त्यात आढळले नाही. ज्यांचा मनस्ताप मुळात अधिक होता त्यांचा मनस्ताप आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाली. तेव्हा मंडळात बसल्याने कर्करोग हटतो असे जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण या कबुलीवरून मंडळ निरुपयोगी ठरते काय? लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावरची इमॅटिनिब ही गोळी घेणाऱ्या ८७ रोग्यांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. ज्यांनी ठरल्या मात्रेच्या ऐंशी टक्के किंवा त्याहूनही कमी गोळ्या घेतल्या, त्यांच्यापैकी एकाच्याही रोगाचे प्रमाण रेणवीय चाचणीत अपेक्षेइतके खाली गेलेले नव्हते. औषध लिहून देणे हे डॉक्टरांच्या हाती आहे. ते रोज, न कंटाळता, पोट बिघडले, चेहरा सुजला, पैसे संपले तरी घेत राहणे हे रोग्याच्या हाती आहे. आणि त्या ठिकाणी, ‘मलाही पहिले सहा महिने असेच झाले, पण गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा’ असे म्हणणारा समदुःखी जे करू शकतो ते गर्दीच्या ओपीडीत काही मिनिटे मिळालेला निष्णात डॉक्टरही करू शकत नाही. उपचार अर्ध्यावर सुटणे हा आपल्याकडच्या कर्करोग्यांचा दुसरा शत्रू आहे, आणि मंडळाचे खरे कार्य त्याच्याशी लढण्याचे आहे.

तिसऱ्या आक्षेपातला धोका काल्पनिक नाही. प्लेटलेट वाढाव्यात म्हणून पपईच्या पानांचा रस पाजा, केमो थांबवून अमुक बाबांची पुडी द्या, असे सल्ले सर्रास दिले जातात. आणि क्रॉनिक ल्युकेमियाच्या रोग्याने तीव्र मायलॉइड ल्युकेमियाने झालेल्या मृत्यूची हकीकत ऐकून हाय खाणेही घडते, वास्तविक हे दोन रोग गतीने आणि उपचाराने अगदी भिन्न असताना. परंतु हे सल्ले मंडळ नसले म्हणून थांबतात काय? ते रक्तपेढीच्या रांगेत मिळतात, रेल्वेच्या डब्यात मिळतात, समाचाराला आलेल्या पाहुण्याकडून मिळतात, आणि तेथे त्यांची शहानिशा करणारा कोणी नसतो. मंडळाला शिस्त लावता येते: औषधाच्या मात्रेविषयी कोणी बोलू नये, कोणी काही विकू नये, महिन्याकाठी एखाद्या डॉक्टरांनी किंवा अनुभवी परिचारिकेने बैठकीस हजर राहावे, ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा या रक्तकर्करोगांच्या रोग्यांच्या शक्यतो निरनिराळ्या बैठका घ्याव्यात, आणि पांढऱ्या पेशी कमी असताना ताप आला तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे, हे प्रत्येकाच्या मनावर ठसवावे.

राहिला चौथा आक्षेप. मुंबईचे ऋण कोणीही नाकारू नये. टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले, इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ साली स्थापन झाली, आणि गाडगेबाबांनी जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभारली, त्यांच्या नावाच्या मिशनने दादरला तीच परंपरा चालवली. तरीही लखनौच्या रोग्याला मुंबईच्या मंडळाचा उपयोग मर्यादित आहे. प्लेटलेट साधारणपणे पाचच दिवस टिकतात, तेव्हा रक्तदाता याच शहरातला लागतो. असाध्य रोगांसाठीच्या सरकारी मदतीची, आयुष्मान कार्डाची, मुख्यमंत्री विवेकाधीन कोषाची दरखास्त कोणत्या दप्तरात द्यावी, सोबत कोणते दाखले जोडावे, आणि खर्चाचा अंदाज कोणाच्या सहीचा चालतो, हे ज्याने त्याच खिडकीवर खेटे घातले त्यालाच ठाऊक असते. हे ज्ञान स्थानिकच असते.

शिवाय लखनौत काही नाही, हे म्हणणेही वस्तुस्थितीस धरून नाही. कॅन्सर एड सोसायटीचे ठाणे लखनौतच आहे. २००४ साली स्थापन झालेली कॅनकिड्स ही संस्था तेथे कर्करोगग्रस्त बालकांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी काम करते. आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रोग्यांचा ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा समूह देशातील निरनिराळ्या शहरांतून बैठका घेतो. यांचा पत्ता काढण्याचा राजमार्ग रुग्णालयातूनच जातो: रक्तविकार विभागातील वैद्यकीय समाजसेवकाला विचारावे, डे-केअरच्या परिचारिकेला विचारावे, आणि शेजारच्या खाटेवर केमो घेत असलेल्या माणसाला विचारण्याचा संकोच धरू नये.

आणि जेथे मंडळ नसेल तेथे ते काढावे. अशा संस्था सरकारी हुकुमाने जन्मत नाहीत, दुःखातून जन्मतात. न्यूयॉर्कच्या डी व्हिलिअर्स दांपत्याचा सोळा वर्षांचा मुलगा १९४४ साली ल्युकेमियाने गेला आणि १९४९ साली त्यांनी स्थापन केलेली संस्था आज अमेरिकेतील या रोगासाठीची अग्रगण्य संस्था आहे. मॅक्स फाउंडेशन हे अशाच एका तरुणाच्या स्मरणार्थ १९९७ साली निघाले. आपल्याकडे १९६९ साली मुंबईत निघालेल्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने इमॅटिनिबच्या पेटंटला हरकत घेतली, तो दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने पेटंट मागणाऱ्या औषध कंपनीचे अपील फेटाळले. त्या वेळी मूळ औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर आणि देशी औषधाचा दहा हजारांच्या आसपास असताना, या निकालाचा अर्थ किती घरांना कळला असेल! एकटा रोगी हे करू शकला नसता.

लखनौच्या मराठी माणसांना तर या कामी परकेपणाची सबब सांगता येणार नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली या शहरात संगीताचे महाविद्यालय उभे राहिले, ते आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. गणेशोत्सवासाठी जी मंडळी वर्गणी गोळा करतात त्यांनी महिन्यातून एक दुपार आपली जागा रक्तकर्करोग्यांच्या बैठकीस द्यावी, भाषेचा वा जातीचा भेद न धरता सर्वांना बोलवावे, आणि रक्तदात्यांची यादी तयार ठेवावी. रुग्णालयांनी ओपीडीच्या दारावर बैठकीचा वार आणि वेळ ठळक अक्षरांत लावावी. आणि ज्यांचा उपचार पार पडला आहे त्यांनी, रोगाची आठवणही नको ही स्वाभाविक इच्छा बाजूस सारून, निदान वर्षभर तरी मंडळात येत राहावे. कारण नव्याने आलेल्या कुटुंबाला बरे झालेला माणूस डोळ्यांनी दिसणे, याइतकी विश्वसनीय साक्ष दुसरी नाही. उपचाराची जबाबदारी डॉक्टरांची, खर्चाची शासनाची. पण रोग्याला एकटे न पडू देण्याची जबाबदारी आपली आहे, आणि ती पार पाडण्यास तीन कुटुंबे आणि एक खोली पुरेशी आहे.